पाण्यात उभी तहान

कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात आष्टा हे गाव वसले आहे. सांगलीहून पेठ नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्याने प्रवास करणाऱ्याला दुतर्फा उसाची हिरवीगार राने दिसतात आणि या मुलखाला कसली म्हणून ददात नसावी, असेच त्याला वाटते. परंतु तोच प्रवासी रस्ता सोडून एखाद्या पाणंदीने आत वळला, तर त्याला निराळेच दृश्य दिसण्याचा संभव आहे. काळ्याभोर जमिनीवर पीठ सांडल्यासारखा पांढरा थर चढलेला असतो. उसाची पाती टोकाकडून करपलेली असतात. हात-दोन हात खणले तर खड्ड्यात पाणी साचू लागते आणि त्या पाण्यात उभा असलेला ऊस मात्र तहानेने वाळत असतो. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण आपण माणसांच्या संदर्भात वापरतो. येथे ती पिकाच्या बाबतीत अक्षरशः खरी ठरलेली दिसते.

असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पडद्यापर्यंत जावे लागले. त्या पडद्याची ही थोडी हकीकत आहे.

माझे माहेर वसईचे. नोकरीच्या निमित्ताने मी आष्ट्याला आले आणि तेथील एका शाळेत बरीच वर्षे विज्ञान शिकवले. समुद्रकाठच्या मुलीला मीठ काही नवे नसते. मिठागराच्या वाफ्यांत भरतीचे पाणी घ्यायचे, उन्हाने ते उडून जाऊ द्यायचे आणि मागे राहिलेले मीठ ओढून त्याची रास करायची, हे आम्ही लहानपणापासून पाहिलेले. पाणी जाते, मीठ राहते, हा आमच्या गावचा रोजगारच होता. समुद्रापासून इतक्या दूर, गोड्या पाण्याच्या दोन नद्यांच्या मध्ये, हाच नियम मला पुन्हा भेटेल असे मात्र कधी वाटले नव्हते.

नववीच्या वर्गात 'पेशी' हा पाठ शिकवताना मी नेहमी बेदाणे घेऊन जात असे. तासगाव जवळच असल्यामुळे आमच्याकडे बेदाण्यांना तोटा नाही. काही बेदाणे साध्या पाण्यात टाकायचे. तासाभरात ते टरारून फुगतात. मग तेच फुगलेले बेदाणे मिठाच्या दाट पाण्यात टाकायचे. थोड्या वेळाने ते पुन्हा सुरकुततात. मुलांना हा खेळ फार आवडे. बेदाण्याच्या सालीने पाण्याला आत येऊ दिले, बाहेरही जाऊ दिले; मात्र आतली साखर सहजासहजी बाहेर पडू दिली नाही. पाण्याची ओढ नेहमी जिकडे विरघळलेले पदार्थ अधिक, तिकडे असते. यालाच शास्त्रात परासरण म्हणतात.

या गोष्टीची पहिली नोंद आबे ही धर्मपदवी लावणाऱ्या एका फ्रेंच अभ्यासकाने केली, हे आपल्या वाचकांना ऐकून बरे वाटेल. झां-आंत्वान नोले हे त्यांचे नाव. १७४८ साली त्यांनी एका भांड्यात मद्यार्क भरला, त्याचे तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या कातडीने घट्ट बांधले आणि ते भांडे पाण्यात बुडवून ठेवले. काही तासांनी पाहतात तो कातडी फुगून वर आलेली. बाहेरचे पाणी आत शिरले होते, पण आतला मद्यार्क तेवढ्या प्रमाणात बाहेर आला नव्हता. एकाला वाट देणारा आणि दुसऱ्याला अडवणारा पडदा असू शकतो, ही गोष्ट तेव्हापासून माणसाला ठाऊक झाली.

आपल्या शरीरातील आणि झाडापाल्यातील प्रत्येक पेशीभोवती असाच एक पडदा आहे. त्याला प्रद्रव्यपटल म्हणतात. तो इतका पातळ आहे की एकावर एक सव्वा लाख पटले रचावीत, तेव्हा कोठे एक मिलिमीटर जाडी भरेल. १९२५ साली हॉलंडमधील लायडेन येथे गोर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी तांबड्या रक्तपेशींतील स्निग्ध द्रव्य वेगळे काढून पाण्यावर पसरले. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापते असे त्यांना आढळले. म्हणजे हा पडदा स्निग्ध पदार्थाच्या दोन थरांचा आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तेलाच्या थरातून पाणी सहज कसे जाईल, ही शंका त्यानंतर कित्येक वर्षे शास्त्रज्ञांना छळत होती. १९९२ साली अमेरिकेतील पीटर अ‍ॅग्री यांनी तिचे उत्तर दिले. पटलात पाण्यासाठी खास वाटा असतात. प्रथिनांच्या बनलेल्या या अरुंद मार्गांतून पाण्याचे रेणू एकामागून एक, ओळीने, सेकंदाला अब्जावधींच्या संख्येने जातात. क्षारांना मात्र तेथे प्रवेश नसतो. या शोधासाठी त्यांना २००३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. वनस्पतींच्या मुळांतही अशाच वाटा आहेत.

मी हे सारे वर्गात सांगत असे. त्यातले काही मुलांच्या डोक्यात राहत असे, काही घंटेबरोबर उडून जात असे. एकदा मात्र मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मग आमच्या रानातला ऊस का वाळतोय? पाणी तर मुळ्या कुजतील एवढं हाय." वर्गात हशा पिकला. मला हसू आले नाही, कारण त्याच्या प्रश्नाचे उत्तर समोरच्या वाटीत पडलेले होते. मिठाच्या पाण्यातला बेदाणाही पाण्यात बुडालेलाच होता आणि तरीही तो सुकत होता.

त्या रविवारी मी त्याच्या रानात गेले. त्याच्या आजोबांनी जमिनीवरचा पांढरा थर चिमटीत धरून मला दाखवला. ते म्हणाले, "बाई, ह्या रानानं माझ्या दोन लेकींची लग्नं केली. आता ह्यात कुसळबी उगवंना झालंय." त्यांचे वय सत्तरीच्या पुढे होते. पाणी आले तेव्हाचा आनंदही त्यांनी पाहिला होता आणि आता हे दिवसही तेच पाहत होते.

मुळाच्या टोकाशी केसासारख्या बारीक पेशी असतात. जमिनीतील ओलाव्यापेक्षा या पेशींतील रस अधिक दाट असतो, म्हणून पाणी आपोआप आत येते. त्यासाठी मुळाला वेगळे बळ लावावे लागत नाही. परंतु जमिनीतील पाण्यात मीठ वाढू लागले की हा उतार कमी होत जातो. पाणी मुळाभोवतीच असते, पण ते मिठाच्या ओढीत अडकलेले असते. जमिनीचा क्षार मोजण्याचे डेसीसायमन प्रति मीटर असे एक परिमाण आहे. जमिनीच्या अर्काची क्षारता ४ च्या वर गेली की ती जमीन क्षारयुक्त समजतात. ऊस तर त्याही आधी कुरकुरू लागतो. १.७ पर्यंत तो सहन करतो. त्यापुढे क्षारता एकेका अंकाने वाढली की उत्पन्न सुमारे ६ टक्क्यांनी घटते. १० च्या आसपास पीक निम्म्यावर येते. त्या क्षारतेला मिठाची ओढ ३५ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढ्या दाबाची असते. दहा मजली इमारतीच्या गच्चीवर पाणी चढवावे, तसे त्या कोवळ्या मुळाला पायाशी असलेले पाणी ओढावे लागते. त्यातच साचलेल्या पाण्यामुळे मुळांना हवा मिळत नाही, ते दुखणे वेगळेच.

हे मीठ आले कोठून? कोणी आणून टाकले नाही. शास्त्यांच्या पुस्तकात अबिमेलेखाने शखेम नगर उद्ध्वस्त करून त्यावर मीठ पेरल्याची कथा आपण वाचतो. वैऱ्याची भूमी कायमची ओसाड व्हावी, हा त्यामागचा हेतू. आमच्या रानात मात्र मीठ आले ते जीवन देणाऱ्या पाण्याच्याच हाताने. नदीचे पाणी गोड असले तरी त्यात अल्प क्षार असतातच. समजा, एका लिटरमध्ये पाव ग्रॅम आहे. वाफे तुडुंब भरून पाजलेल्या उसाला वर्षभरात साधारण दोन मीटर उंचीचे पाणी दिले जाते. एका एकराचा हिशेब मांडला तर ते ८० लाख लिटर होते आणि त्यातून दोन टन क्षार दर वर्षी रानात उतरतो. पाणी ऊस पितो, ऊन पिते. मीठ कोणीच पीत नाही. पूर्वी जिरायती पिके होती तेव्हा पावसाचे पाणी खोल मुरून क्षार घेऊन जात असे. नदीवरून उपसा योजना आल्या आणि बारमाही ऊस उभा राहिला. खोल काळ्या जमिनीतून पाणी हळू झिरपते, म्हणून जमिनीखालची पातळी वर चढली. ती पाच-सहा फुटांच्या आत आली की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे खालचे पाणी वर चढते, उन्हाने उडून जाते आणि मीठ मागे ठेवते. आष्ट्याच्या रानात मला वसईचे मिठागर भेटले, ते असे. फरक इतकाच की तेथे मीठ हवे असते.

क्षारांतला सोडियम तर आणखी एक खोडी करतो. मातीच्या कणांना चिकटलेल्या कॅल्शियमला तो हुसकावून लावतो. मग कण एकमेकांपासून सुटतात, मातीची बारीक छिद्रे बुजतात आणि जमीन चोपण होते. ती ओली असताना लोण्यासारखी आणि वाळल्यावर दगडासारखी असते. तिच्यातून पाणी वर-खाली होत नाही. जमिनीनेच जणू आपली दारे लावून घेतलेली असतात.

असे असूनही मिठाला शत्रू म्हणण्याचे धाडस माझ्याने होत नाही. दर हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडणी मजूर आमच्या भागात येतात. त्यांच्या खोपटांतील एखाद्या लेकराला जुलाब लागले की पहिला उपाय मिठाचाच असतो. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. नुसते पाणी पाजून जे साधत नाही, ते या मिश्रणाने साधते. आतड्याच्या पेशींच्या पटलात असे एक दार आहे, जे सोडियम आणि साखर जोडीने आल्यावरच उघडते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली ही कल्पना मांडली. पटकीच्या आजारातही हे दार शाबूत राहते. जोडी आत गेली की परासरणाच्या नियमाने पाणी तिच्या मागोमाग जाते. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धामुळे पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत निर्वासितांचे लोंढे आले आणि पटकीने थैमान घातले. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती दिले आणि ते रुग्णांना पाजायला लावले. तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. डॉ. महालनबीस २०२२ साली निवर्तले. त्यांना पुढील वर्षी मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

जे मीठ रानात उसाचा जीव घेते, तेच लेकराच्या आतड्यात जीव वाचवते. नियम एकच आहे. मीठ पडद्याच्या कोणत्या बाजूला आहे, यावर सारे अवलंबून असते.

आणि म्हणूनच ते योग्य बाजूला ठेवण्यासाठी पेशीला अखंड कष्ट करावे लागतात. आत शिरलेला सोडियम ती सतत बाहेर उपसते. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी १९५७ साली हा पंप शोधून काढला आणि १९९७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सोडियमचे तीन कण बाहेर, पोटॅशियमचे दोन कण आत, असा त्याचा व्यवहार चालतो. आपण निवांत बसलेलो असताना शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा सुमारे पाचवा हिस्सा या उपशावर खर्च होतो. मूत्रपिंडांचे कामही असेच. ती दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातले जवळजवळ सारे परत घेतात आणि नको ते लिटर-दीड लिटरमधून बाहेर टाकतात. ही मूत्रपिंडे थकली की माणसाला आठवड्यातून दोन-तीन वेळा यंत्राच्या कृत्रिम पडद्याचा आधार घ्यावा लागतो, हे आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी जवळून पाहिले आहे. जगण्यासाठी आपण काय घेतो, याचा विचार आपण रात्रंदिवस करतो. परंतु जगणे तितकेच सोडण्यावरही चालते, हे पेशी जाणते. आमच्या रानाला नद्या मिळाल्या, पंप मिळाले, वीज मिळाली. पाणी आत आणण्याची सारी सोय झाली. बाहेर जाण्याची वाट मात्र कोणी आखली नाही.

ती वाट आखण्याचे शास्त्र आता उपलब्ध आहे. कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्रात क्षारपड जमिनींवर काम झाले आहे. शिरोळ तालुक्यात श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन मोठे क्षेत्र पुन्हा पिकाखाली आणले. साडेतीन-चार फूट खोल चर खणून त्यात सच्छिद्र नळ टाकायचे, त्यांवर गाळणीचे आवरण घालायचे आणि ते सारे एका मोठ्या नळाला जोडून ओढ्यापर्यंत न्यायचे. पाऊस आणि पाटाचे पाणी मीठ विरघळवून खाली नेते आणि नळ ते बाहेर काढतो. जमीन चोपण असेल तर आधी जिप्सम घालायचे, म्हणजे कॅल्शियम सोडियमची जागा परत घेतो. मग धैंचासारखे हिरवळीचे पीक गाडायचे. हे सांगायला सोपे आहे. खर्च मोठा असतो आणि त्याहून मोठी अडचण असते ती संमतीची. पाणी उताराने जाते, आणि उतार नेहमी दुसऱ्याच्या बांधातून जातो.

मागच्या बाकावरचा तो मुलगा पुढे मोठा झाला. आजोबा गेले. घरात रान विकण्याची बोलणी सुरू झाली, कारण पुण्यात नोकरी करणाऱ्या धाकट्याला मिठाच्या शेतात पैसा घालणे मंजूर नव्हते. थोरल्याने हट्ट धरला. त्याने आजूबाजूच्या शेतकऱ्यांना गोळा केले. चौघांनी होकार दिला. अगदी खालच्या अंगाचा पाचवा म्हणाला, "तुमचं मीठ माझ्या बांधात कशाला?"

हा प्रश्न त्याने मला सांगितला तेव्हा तो रागात होता. मला मात्र तो प्रश्न रास्त वाटला. आपण सोडलेले मीठ नाहीसे होत नाही. ते ओढ्यात जाते, ओढ्यातून नदीत जाते आणि खालच्या गावाच्या पाण्यात मिसळते. पेशीने बाहेर टाकलेले रक्ताला वाहून न्यावे लागते आणि शेवटी मूत्रपिंडाला निस्तरावे लागते. म्हणून मुळात कमी मीठ आत येऊ देणे, म्हणजे पाणी बेताने देणे, हाही निचऱ्याचाच एक भाग आहे. मी त्याला इतकेच म्हणाले, "अरे, त्याचेही रान खालीच आहे ना? तुझ्याआधी तेच फुटले असेल." तसेच होते. त्या शेतकऱ्याची दीड एकर जमीन पडीक होती आणि ती गोष्ट तो चारचौघांत बोलत नव्हता. मुख्य नळ त्याच्या बांधातून नेताना त्याच्या रानातही नळ टाकायचे आणि त्याचा खर्च सर्वांनी वाटून घ्यायचा, असे ठरायला पुढे दोन वर्षे लागली. भाऊबंदकीच्या मुलखात दोन वर्षे म्हणजे काही फार नव्हेत.

नळ ओढ्याला मिळाला त्या पावसाळ्यात त्याने मला मुद्दाम बोलावून नेले. नळाच्या तोंडातून मनगटाएवढी धार पडत होती. त्याने ओंजळीत पाणी घेऊन चाखले आणि तोंड वाकडे केले. मीही चाखले. ते माझ्या माहेरच्या खाडीइतके खारट नव्हते, पण पिण्याजोगेही नव्हते. पहिल्या वर्षी त्यांनी नुसता धैंचा गाडला. पुढच्या वर्षी गहू आला, ठिकठिकाणी विरळ. तिसऱ्या वर्षी उसाने डोके वर काढले. त्याच्या आजोबांच्या वेळचे उत्पन्न अजून मिळत नाही, आणि ते मिळेल असे वचन कोणताही जाणकार देणार नाही.

आता त्याने ठिबक बसवले आहे. दर वर्षी तो मातीचा नमुना तपासून आणतो आणि आकडा एका वहीत मांडून ठेवतो. परवा भेटला तेव्हा त्याने वही उघडून मला आकडे दाखवले. नऊच्या पुढचा आकडा आता साडेतीनवर आला आहे. मी अभिनंदन केले, तर म्हणाला, "अजून उतरतंय बाई. चढायला तीस वर्षं लागली, उतरायला येळ लागणारच. पर धार बंद पडू द्यायची न्हाई."